इमू तेल : गुडघ्यापासून टकलापर्यंत सगळ्यावर चालणाऱ्या बाटलीत नेमकं असतं काय?

गुडघे दुखतात? इमू तेल लावा. केस गळतात? इमू तेल. टाचांना भेगा, चेहऱ्यावरचे डाग, सोरायसिस, बाळंतपणानंतरचे स्ट्रेच मार्क? तेच. रील स्क्रोल करताना एखादी छोटी सोनेरी बाटली दिसते, तिच्या मागे लांब मानेचा एक पक्षी रोखून बघत असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘ऑस्ट्रेलियातले आदिवासी हजारो वर्षांपासून हेच वापरतात’. किंमत बघितली की घरातलं खोबरेल तेल एकदम स्वस्त वाटायला लागतं.

महाराष्ट्रातल्या काही गावांत मात्र इमूचं नाव काढलं की लोक बाटलीबद्दल बोलत नाहीत. ते बोलतात जाळी मारलेल्या शेडबद्दल, ‘पक्षी आम्हीच परत घेऊ’ असं लिहिलेल्या कराराबद्दल आणि परत न आलेल्या पैशांबद्दल.

दोन्ही गोष्टींच्या मुळाशी हे एकच तेल आहे. त्यामुळे ते काय आहे, कशाला उपयोगी पडतं आणि कशाला पडत नाही, हे एकदा नीट बघायला हवं.

तेल पक्ष्याच्या कुठल्या भागातून निघतं?

इमू हा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. उंचीत शहामृगानंतर जगात त्याचाच नंबर लागतो. पूर्ण वाढलेला इमू दीड ते पावणेदोन मीटरपर्यंत उंच असतो, वजन साधारण ३० ते ४५ किलो. उडता येत नाही, पण पळायला लागला की ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग पकडतो. ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हावर एका बाजूला कांगारू आणि दुसऱ्या बाजूला हाच पक्षी आहे.

इंटरनेटवर मात्र तो प्रसिद्ध आहे ‘इमू वॉर’मुळे. १९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पिकाची नासाडी करणाऱ्या इमूंना मारायला सैनिक पाठवले होते, सोबत २ मशीनगन आणि १०,००० गोळ्या. इमू पांगले, पळाले आणि मोहीम गुंडाळावी लागली. मीमवाल्यांसाठी हा विषय कधीच संपणार नाही, पण आपला विषय आहे त्याच्या चरबीचा.

ही चरबी इमूसाठी बँकेतल्या बचतीसारखी असते. मादी गडद हिरव्या रंगाची मोठी अंडी घालते आणि निघून जाते. उबवायला बसतो नर. जवळपास ८ आठवडे तो घरट्यावरून हलत नाही. या काळात तो जवळजवळ काहीच खात-पीत नाही, फक्त अंडी फिरवण्यापुरता उठतो. बाहेर येईपर्यंत त्याचं वजन एक तृतीयांशाने उतरलेलं असतं. तेवढे दिवस त्याला जगवते ती पाठीवर, कातडीखाली आणि पोटात साठवलेली चरबी.

इमू तेल म्हणजे हीच चरबी, वितळवून गाळलेली. लोणी कढवून तूप करतात, तत्त्व तेच. पक्षी मारल्यावर चरबी वेगळी काढतात, बारीक करतात, मंद आचेवर वितळवतात आणि गाळतात. औषधी किंवा सौंदर्य उत्पादनांसाठीचं तेल त्यानंतर शुद्ध करून त्याचा रंग आणि वासही काढून टाकतात. एका पक्ष्यापासून साधारण ४ ते ६ लिटर तेल मिळतं, पक्षी किती पोसलेला आहे त्यावर कमी-जास्त. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

इथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण कमेंटमध्ये हा प्रश्न हमखास असतो. इमू तेल शाकाहारी नाही. अंड्यातून किंवा पिसातून निघत नाही, त्यासाठी पक्षी मारावाच लागतो.

‘आदिवासी वापरायचे’ हे खरं आहे का?

हो, खरं आहे. पण जाहिरातीत दाखवतात तसं नाही.

ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी, ज्यांना ॲबोरिजिनल म्हणतात, ते एकच एक समाज नाहीत. युरोपीय लोक येण्याआधी तिथे २५० पेक्षा जास्त भाषा बोलल्या जात होत्या आणि प्रत्येक समूहाच्या चालीरीती वेगळ्या होत्या. यातल्या अनेक समूहांत इमूला मोठं स्थान होतं. आपल्याकडे कुळाचं देवक असतं, तसा काही कुळांचा इमूशी संबंध होता आणि त्यांच्यावर त्याची शिकार करण्याचे किंवा मांस खाण्याचे नियम होते. आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांमध्येही त्यांना इमू दिसतो. आपण ताऱ्यांच्या रेषा जोडून आकृती बघतो, ते ताऱ्यांमधल्या अंधारात बघतात.

शिकार केलेल्या पक्ष्याचं काही वाया जात नसे. मांस खायला, हाडांची हत्यारं, पिसं सजावटीला, पायातले स्नायूतंतू दोरीसारखे बांधायला. आणि चरबी अंगाला लावायला. दुखणारे स्नायू, मुका मार, कोरडी पडलेली कातडी यावर ती चोळत असत. अंगावर रंग काढण्यासाठी गेरूसारख्या मातीत ती कालवली जायची. लाकडी हत्यारं तडकू नयेत म्हणून त्यांनाही हेच तेल पाजत.

म्हणजे उपयोग होता, पण घरगुती तेलाचा. बाळाला मालिश, हातपाय चोळणं, दाराच्या बिजागरीला दोन थेंब, अशी सगळी कामं आपल्याकडे एकाच बाटलीतून होतात ना, तसा. यात ‘टकलावर केस उगवतात’ किंवा ‘संधिवात बरा होतो’ असं काही नव्हतं. ते दावे बाटली बाजारात आल्यावर जोडले गेले.

शिवाय ते तेल आणि आजचं तेलही एक नाही. तेव्हाची चरबी जंगलात फिरून बिया, फळं, कोवळे कोंब आणि किडे खाणाऱ्या पक्ष्याची होती. आजची बहुतेक चरबी फार्ममध्ये खुराक खाणाऱ्या पक्ष्याची असते आणि ती कारखान्यात शुद्ध केलेली असते. पक्ष्याच्या खाण्यावर त्याच्या चरबीची घडण बदलते, त्यामुळे परंपरेचा दाखला आजच्या बाटलीला जसाच्या तसा लागू होत नाही.

१९व्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी इमूची चरबी दिव्यात जाळायलाही वापरली. पुढे १९७०च्या आसपास पश्चिम ऑस्ट्रेलियात व्यापारी इमूपालन सुरू झालं. सुरुवातीला डोळा चामडं आणि मांसावर होता. तेलाला भाव आला तो नंतर, प्रयोगशाळेतून बातम्या यायला लागल्यावर.

तेलात असतं काय?

इमू तेलात सगळ्यात जास्त असतं ओलेइक आम्ल, साधारण ४० ते ५० टक्के. त्यानंतर पामिटिक आम्ल, २० टक्क्यांच्या आसपास. मग लिनोलेइक आम्ल, आणि थोडीशी इतर मेदाम्लं. शुद्धीकरणाआधीच्या तेलात कॅरोटिनॉइडसारखे काही अँटिऑक्सिडंटही सापडतात.

‘ओमेगा ३, ६, ९ ने भरपूर’ ही ओळ बाटलीवर असते, ती इथून येते. ओलेइक म्हणजेच ओमेगा ९ आणि लिनोलेइक म्हणजे ओमेगा ६. ओमेगा ३ मात्र त्यात नावापुरतंच असतं. आणि ओलेइक आम्ल काही दुर्मीळ गोष्ट नाही. आपल्या साध्या शेंगदाणा तेलातही ते बहुतेक वेळा ४० टक्क्यांच्या वर असतं, ऑलिव्ह तेलात तर त्याहून जास्त.

मग इमू तेल कातडीवर वेगळं का वाटतं? एक कारण म्हणजे ते चिकट न राहता पटकन जिरल्यासारखं वाटतं. ओलेइक आम्ल त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरायला मदत करतं, हे औषधनिर्माणशास्त्रात माहीत असलेलं आहे. त्वचेवरच्या काही औषधांत त्याचा वापरच त्यासाठी होतो. कोरड्या त्वचेला मऊ करणारं तेल म्हणून इमू तेल चांगलं आहे आणि याबद्दल फारसा वाद नाही.

वाद सुरू होतो तो ‘औषध’ हा शब्द आला की.

संशोधन खरंच झालंय का?

झालंय. ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असं लिहिणारे पूर्ण हवेत बोलत नाहीत. फक्त प्रयोग कोणावर झाले, हे ते सांगत नाहीत.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये कृत्रिमरीत्या सांधेदाह निर्माण केला आणि त्यांच्या त्वचेवर इमू तेल लावून बघितलं. काही तेलांमुळे सूज कमी झाली. बातमी एवढीच पसरली. पण त्याच संशोधनात दोन गोष्टी आणखी होत्या. पहिली, वेगवेगळ्या ठिकाणच्या इमू तेलांचा परिणाम सारखा नव्हता, काही नमुने प्रभावी तर काही जवळपास निरुपयोगी. दुसरी, तेल त्वचेत शिरावं म्हणून त्यात वेगळा मदतनीस पदार्थ मिसळलेला होता. म्हणजे बाटलीवर ‘१०० टक्के शुद्ध इमू तेल’ लिहून या प्रयोगाचा हवाला देणं बरोबर नाही.

जखमांबाबतही तसंच. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्राण्यांच्या जखमा लवकर भरल्या, पण वापरलेलं होतं लोशन. त्यात इमू तेलासोबत जीवनसत्त्व ई आणि वनस्पती तेल होतं. श्रेय तिघांपैकी कोणाचं, हे त्यावरून ठरत नाही.

ॲडलेडमधल्या संशोधकांनी वेगळीच दिशा घेतली. कॅन्सरच्या केमोथेरपीमुळे आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते, तोंड येतं, जुलाब होतात. त्यांनी उंदरांना इमू तेल पाजलं तर आतड्यातला दाह काही प्रमाणात कमी दिसला. हे काम गंभीर आहे आणि पुढेही चालू राहिलं. पण ते उंदरांवरचं काम आहे. केमो चालू असलेल्या माणसाने ऑनलाइन कॅप्सूल मागवून गिळाव्यात, असा त्याचा अर्थ निघत नाही.

आता माणसांकडे येऊ. इथे अभ्यास मोजकेच आहेत, पण तेच सगळ्यात बोलके आहेत.

इराणमध्ये सेबोरिक डर्मटायटिसच्या रुग्णांवर चाचणी झाली. हा म्हणजे कोंड्याचा थोरला भाऊ, चेहऱ्यावर आणि डोक्यात लाल खाजरे चट्टे आणि खपल्या येतात. इमू तेलाची तुलना केली हायड्रोकॉर्टिसोन आणि क्लोट्रिमाझोल या नेहमीच्या दोन औषधांशी. इमू तेलाने फरक पडला, खाज आणि लाली कमी झाली. पण नेहमीची औषधं त्याच्यापेक्षा सरस ठरली.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या महिलांवर छोटी चाचणी केली. रेडिएशनमुळे त्वचा भाजल्यासारखी होते, ती इमू तेलाने वाचते का, हा प्रश्न होता. काही जणींना इमू तेल दिलं, काही जणींना सरकीचं तेल. कोणाला काय दिलंय, हे ना त्यांना माहीत होतं ना डॉक्टरांना. इमू तेल सुरक्षित निघालं. पण ते सरकीच्या तेलापेक्षा ठामपणे चांगलं आहे, असं म्हणण्याइतका फरक मिळाला नाही.

आणि तिसरी चाचणी ऑस्ट्रेलियातलीच, थेट सांधेदुखीवरची. स्तनाच्या कॅन्सरनंतर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे महिलांचे सांधे दुखतात, आखडतात. त्यावर एका गटाने इमू तेल लावलं आणि दुसऱ्या गटाने प्लासेबो, म्हणजे औषध म्हणून दिलेला पण औषध नसलेला पदार्थ. दोन्ही गटांतल्या महिलांचं दुखणं कमी झालं. जवळपास सारखंच.

ही चाचणी नीट समजून घेतली तर अर्धा बाजार समजतो. ‘मला फरक पडला’ असं कमेंटमध्ये लिहिणारी बाई खोटं बोलत नसते. तिला फरक पडलेलाच असतो. रोज संध्याकाळी दहा मिनिटं बसून दुखरा सांधा हलक्या हाताने चोळला, तर रक्ताभिसरण वाढतं, आखडलेले स्नायू सैल होतात, बरं वाटतं. पण हातात इमू तेल होतं की दुसरं काही, यावर ते अवलंबून होतं का, हा खरा प्रश्न आहे. आणि निदान त्या चाचणीचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

केसांचं काय? तिथे तर हाही आधार नाही. टक्कल पडलेल्या माणसांवर इमू तेलाने केस उगवतात, हे दाखवणारी मोठी, नीट केलेली चाचणी झालेली नाही. जाहिराती हवाला देतात तो उंदरांच्या केसांच्या मुळांचा. मिनॉक्सिडिलसारखं औषध माणसांवर तपासून बाजारात आलंय, त्याच्या शेजारी इमू तेलाची बाटली ठेवून ‘नैसर्गिक पर्याय’ म्हणणं ही निव्वळ विक्रीची भाषा झाली.

क्रीम थंड लागते, ते इमूमुळे?

बहुधा नाही. ‘इमू’ नावाने मिळणारी क्रीम किंवा बाम घेतलात तर मागची बारीक अक्षरं वाचा. मेंथॉल, कापूर, निलगिरी तेल, मिथिल सॅलिसिलेट असे आपल्या नेहमीच्या बाममधले घटक तिथे दिसू शकतात. लावल्याबरोबर जाणवणारा गारवा किंवा ऊब त्यांची असते. अमेरिकेत इमूच्या नावाने खपणाऱ्या काही क्रीमच्या लेबलवर तर वेदनाशामक घटक म्हणून ट्रोलामाइन सॅलिसिलेट लिहिलेलं असतं आणि इमू तेल ‘इतर घटकां’च्या यादीत. पक्षी बाटलीच्या पुढच्या बाजूला, काम करणारा घटक मागच्या.

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला सांड्याचं तेल विकणारे बसतात, सोबत जिवंत सांडे घेऊन. प्राणी समोर दिसला की तेलावर विश्वास बसतो, हे त्यांनाही माहीत आहे. सांडा पकडणं, मारणं, विकणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. इमू फार्ममध्ये पाळलेला पक्षी असल्याने त्याचं तसं नाही. पण विकण्याची तऱ्हा ओळखीची आहे.

सरकारी यंत्रणा काय म्हणतात?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आरोग्याच्या नावाखालची फसवणूक कशी ओळखावी, हे सांगणाऱ्या लेखात शुद्ध इमू तेलाच्या अनेक उत्पादनांना मान्यता नसलेली औषधं म्हटलंय. तेल विकायला बंदी नाही. रोग बरा होतो असं सांगून विकायला आहे.

ऑस्ट्रेलियात इमू तेलाच्या काही उत्पादनांवर ‘ऑस्ट एल’ अशी अक्षरं आणि नंबर असतो. विक्रेते तो ‘सरकारमान्य औषध’ म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात या वर्गातल्या उत्पादनांचे घटक कमी जोखमीचे असावे लागतात आणि दर्जाचे नियम पाळावे लागतात, पण त्यांचा गुण येतो की नाही हे सरकार बाजारात येण्याआधी तपासत नाही. ते तपासलेल्या औषधांवर ‘ऑस्ट आर’ असतं. एका अक्षराचा फरक, अर्थ मात्र बराच वेगळा.

भारतात १९५४चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात काही आजारांची यादी आहे, त्यात संधिवात, मधुमेह, कॅन्सर आहेत. हे आजार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करणं गुन्हा आहे, मग तेल इमूचं असो की आणखी कशाचं. रीलवर हा कायदा रोज मोडला जातो, ते वेगळं.

मग गावोगावी इमूचे शेड कुठून आले?

तेलाबद्दलच्या या सगळ्या दाव्यांची सगळ्यात मोठी किंमत वापरणाऱ्यांनी नाही, पाळणाऱ्यांनी मोजली.

याची पहिली झलक अमेरिकेत दिसली होती. १९९०च्या दशकात तिथे इमूपालनाची लाट आली. मांसात चरबी कमी, चामडं महाग, तेल तर सोनंच, असं सांगितलं गेलं आणि पैदाशीची एक जोडी हजारो डॉलरला विकली जाऊ लागली. गंमत अशी की विकत घेणारे बहुतेक जण स्वतःच नवे पाळणारे होते. मांस आणि तेल घेणारं गिऱ्हाईक फारसं नव्हतंच. नवे पाळणारे यायचे थांबले आणि दशक संपेपर्यंत भाव कोसळला. काहींनी पक्षी अक्षरशः मोकळे सोडून दिले.

भारतात इमू आले ते याच दशकाच्या शेवटी, आधी आंध्र प्रदेशात. २०००नंतर तमिळनाडू, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत फार्म उभे राहिले. पाणी कमी लागतं, रोगराई कमी, शेतीला जोडधंदा. नाबार्डचा नमुना प्रकल्प अहवालही होता, त्यामुळे बँकेत बोलायला जागा होती. कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याला हे सगळं पटण्यासारखंच होतं. आणि प्रत्येक माहितीपत्रकात शेवटी तेल असायचंच, लिटरला हजारो रुपये भाव मिळणारं.

तमिळनाडूतल्या इरोड जिल्ह्यातल्या सुसी इमू फार्म्सने यावर योजना काढली. दीड लाख रुपये भरा, ६ पिल्लं घ्या. खाद्य कंपनी देणार. सांभाळायचे महिन्याला ६,००० रुपये, वर्षाला २०,००० बोनस, आणि २ वर्षांनी दीड लाख परत.

आता मघाचा आकडा काढा. २ वर्षांत कंपनी एका शेतकऱ्याला देणार १ लाख ४४ हजार अधिक ४० हजार, म्हणजे १ लाख ८४ हजार रुपये, मूळ रक्कम वेगळी. ६ पक्ष्यांचं तेल निघणार साधारण ३० लिटर. म्हणजे खाद्य, शेड, डॉक्टर, कत्तलखाना, शुद्धीकरण हा सगळा खर्च शून्य धरला, तरी नुसतं तेलावर हे पैसे वसूल करायला लिटरमागे ६,००० रुपयांहून जास्त भाव हवा. तोही घाऊक. मांस आणि चामड्याचे पैसे धरले तरी ते विकायला बाजार लागतो, आणि जिथे कोंबडी चौकात मिळते तिथे इमूचं मांस मागणारं गिऱ्हाईक कुठून येणार? नव्या माणसाच्या दीड लाखातून जुन्याला महिन्याचे ६,००० देणं, एवढाच मार्ग उरतो.

तो २०१२च्या ऑगस्टपर्यंत चालला. पैसे थांबले, कंपनीच्या दारात ठेवीदारांची गर्दी झाली, मालक गायब झाला आणि नंतर पकडला गेला. खाद्य बंद झाल्याने हजारो इमू उपाशी राहिले, शेवटी त्यांना खायला घालायला राज्य सरकारच्या पशुसंवर्धन खात्याला उतरावं लागलं. पुढे कोईमतूरच्या विशेष न्यायालयाने कंपनीच्या प्रमुखाला १० वर्षांची शिक्षा सुनावली.

महाराष्ट्रात एवढी एक मोठी कंपनी नव्हती, पण पद्धत तीच होती. पिल्लं चढ्या भावाने विकायची, अंडी आणि पक्षी परत घेण्याचा करार करायचा. करार पाळणारं कोणी उरलं नाही तेव्हा शेतकऱ्याच्या हातात राहिले रोज खुराक मागणारे पक्षी आणि बँकेचा हप्ता. कोंबडी विकता येत नसेल तर निदान घरी खाता येते. ४० किलोच्या इमूचं काय करणार? तेल काढायचं तर यंत्रणा लागते, ती गावात नव्हती.

२०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरमधून कडकनाथ कोंबडीपालनाचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा अनेकांना इमू आठवला तो यामुळेच. पक्षी बदलला होता, ‘आम्हीच परत घेऊ’ ही ओळ तीच होती. अशा योजनेत पैसे अडकले असतील तर महाराष्ट्रात १९९९चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, लागू होऊ शकतो. त्यात आरोपींची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे परत करण्याची तरतूद आहे. वेळ मात्र लागतो.

तरीही घ्यायचं असेल तर?

कोरडी त्वचा, फुटलेल्या टाचा, थंडीत तडतडणारे हात यासाठी इमू तेल वापरायला हरकत नाही. तेवढंच काम खोबरेल किंवा तिळाचं तेलही करतं, हे लक्षात ठेवून किंमत ठरवा. पहिल्यांदा लावताना मनगटाच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा. लाली, खाज आली तर सोडून द्या.

बाटली खरी आहे का, हे घरी ओळखता येत नाही. फ्रीजमध्ये ठेवून गोठतं का बघा, असं काही व्हिडिओत सांगतात, पण थंडीत खोबरेलही गोठतं. मेदाम्लांचं प्रमाण प्रयोगशाळेतच कळतं, म्हणून निर्मात्याचं नाव, पत्ता, बॅच नंबर आणि मुदत नसलेली बाटली घेऊच नका. वास खवट आला तर तेल खराब झालंय. गडद बाटलीत, उन्हापासून लांब ठेवलं तर ते जास्त टिकतं.

उघड्या जखमेवर, भाजलेल्या जागी स्वतःच्या मनाने लावू नका. कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः आधीच एखादं औषध चालू असेल, गरोदरपण असेल किंवा कॅन्सरचे उपचार सुरू असतील तर. आणि सकाळी उठल्यावर तासभर सांधे आखडलेले राहत असतील, एखादा सांधा सुजून गरम लागत असेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर आधी हाडांच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. आमवातासारख्या आजारात पहिले काही महिने महत्त्वाचे असतात. उपचार लांबले तर सांध्याची झालेली झीज नंतर भरून येत नाही, आणि ते महिने मालिश करण्यात गेले तरी दुखणं तात्पुरतं कमी वाटल्यामुळे लक्षातही येत नाही.